पन्नासच्या पुढे बंद पडणारी गाडी

आई, बाबांची मोटारसायकल पन्नासच्या पुढे नेली की बंद पडत होती, आणि या पावसाळ्यापासून आपल्या घरात दुसरा विषय नव्हता. तू गेलीस तेव्हा ही गाडी नवी होती. मागच्या सीटवर एका बाजूला पाय सोडून, एका हाताने पदर आणि दुसऱ्या हाताने बाबांचा खांदा धरून तू बसायचीस, आणि बाबा तुझ्यासाठी गाडी इतकी हळू चालवायचे की सायकलवाले पुढे निघून जात. आता गाडीही जुनी झाली आहे आणि बाबाही. कात्रपच्या या फ्लॅटमध्ये आम्ही दोघेच राहतो. मी अभियांत्रिकीच्या मुलांना इंजिन शिकवते, माझ्या नावामागे डॉक्टर लागते, आणि उत्तर बरोबर पण कारण चूक असेल तर मी गुण देत नाही. हे तुला पाहायला मिळाले नाही, म्हणून सांगते. मुले मला घाबरतात. त्यात मला फारसे वावगेही वाटत नाही.

बाबा अजून रोज सकाळी सोनिवलीला जातात. आपल्या शेताचा एक तुकडा उरला आहे. तीन बाजूंनी इमारती, मध्ये बाबांची वांगी आणि भेंडी. तिथे काही फार पिकते असे नाही, पण गेले नाही तर दिवसभर ते खिडकीपाशी बसून राहतात. भर पावसात एकदा रस्त्याच्या मधोमध त्यांची गाडी बंद पडली आणि मागचा डंपर कसाबसा थांबला. तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांनी ते पाहिले होते. ते मला जिन्यात गाठून म्हणाले, "मॅडम, राग मानू नका, पण गाडी नाही हो, काकांचा हात चुकतो. वय झालं. इंजिन बंद करायचं बटण दाबलं जात असेल." मला तेच वाटत होते, फक्त ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचे नव्हते. संध्याकाळी मी बाबांकडे चावी मागितली. ते भाकरी मोडता मोडता थांबले. "गाडी बिघडलीय बाय, मी नाय बिघडलो," ते म्हणाले. "तू एवढी शिकलेली, शोधून काढ ना. चूक माझी निघाली तर चावी तुझी, मी परत मागणार नाय. गाडीची निघाली तर हा इषय पुन्हा नाय काढायचा." मी कबूल केले. मला खात्री होती, आई. मी नेहमी खात्री करूनच कबूल करते.

प्रथम गाडी उल्हासनगरला, कॅम्प दोनमधल्या एका मेकॅनिककडे नेली. तिथे सिंधी रिवाजाने सगळे सगळ्यांना साईं म्हणतात, मलासुद्धा. त्याने प्लग बदलला, कार्बोरेटर खोलून फुंकला, एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "कॉइल गरम होके बैठ जाता है साईं. बदल डालो."

"कॉइल मोजली का?"

"मोजायचं काय त्यात? कानाला कळतं." मग बाबांकडे पाहून हसला, "वैसे काका गाडी चलाते हैं, या गाडी काका को?"

बाबाही हसले. "आधी मी चालवायचो, आता आम्ही दोघं एकमेकांना ढकलतो," म्हणाले. मला हसू आले नाही. ठिणगी देणारी ती कॉइल मी स्वतः मोजली, थंड असताना आणि तापल्यावरही. ती निर्दोष होती. न मोजता निदान करणाऱ्या माणसांविषयी मला काय वाटते ते मी त्याला तिथेच सांगितले, आणि त्याने साईं म्हणणे सोडले.

मग उरली ती एकच परीक्षा: गाडी मी चालवायची आणि बाबांनी मागे बसायचे. त्यांचा हात बटणापाशी नसताना गाडी चालली, तर सगळे सिद्ध झाले असते. पाऊस संपून ऊन तापू लागले होते. रविवारी सकाळी अंबरनाथच्या बाजूला सरळ आणि रिकामा रस्ता सापडतो, तिथे गेलो. बाबा मागून बोलत होते. "गियर टाक. आता टाक. अगं, इंजिन रडतंय, ऐकू येत नाय का तुला?" चाळीसला गाडी शांत. पंचेचाळीसला शांत. पन्नासच्या पुढे नेली, तशीच धरून ठेवली, आणि थोड्या वेळाने, कोणी पेट्रोलचा नळ बंद करावा तसा, इंजिनाचा जीव गेला. उरलेल्या वेगात मी गाडी कडेला घेऊन थांबवली. बाबा उतरले. कॉलर नीट केली आणि लघवीला म्हणून झाडांमागे गेले. चालताना त्यांची पाठ किती ताठ होती, ते तू पाहायला हवे होतेस.

पेट्रोल पाहावे म्हणून मी टाकीचे झाकण उघडले. आत हवा ओढली गेल्याचा लांब, स्पष्ट आवाज आला. मला त्याच क्षणी कळले. पेट्रोल खाली उतरते तेव्हा त्याच्या जागी हवा आत यावी लागते, त्यासाठी झाकणाला बारीक भोक असते. ते बुजले तर टाकीत पोकळी तयार होते. हळू चालवताना लागणारे थोडेसे पेट्रोल तशातही उतरते. वेगात मागणी वाढते आणि टाकी पेट्रोल सोडत नाही. थोडे थांबले की कुठूनतरी हवा झिरपते आणि गाडी पुन्हा सुरू होते. पहिल्या वर्षाच्या मुलाला हे सांगता यायला हवे. मी झाकण उलटे केले. खाली दुधाची पिशवी होती. धुतलेली, गोल कापलेली, रबराखाली नीट बसवलेली.

तुझी पिशवी, आई. म्हणजे तुझी पद्धत. अंबरनाथच्या चाळीतले आपले स्वयंपाकघर मला दिसते: नळाच्या तोटीवर उलट्या वाळत घातलेल्या दुधाच्या पिशव्या, आणि तू कात्री घेऊन बसली आहेस. मी म्हणते, दुकान काढणार आहेस का पिशव्यांचे? तू मान वर न करता म्हणतेस, "तुला शिकवलं ते मला शिकवायला नाय." टाकीत पाणी जाऊ नये म्हणून पावसाळ्यात रोज संध्याकाळी तू खाली उतरून टाकीच्या झाकणावर वरून पिशवी घालायचीस, दोऱ्याने बांधायचीस, आणि सकाळी बाबा कंपनीत निघायच्या आधी सोडायचीस. तू गेल्यावर ते काम बाबांनी चालू ठेवले. या वर्षी त्यांच्या बोटांना गाठ मारता येत नाही. सदऱ्याची वरची गुंडी मीच लावून देते. म्हणून त्यांनी पिशवी झाकणाच्या खाली घातली असणार. तिथे दोरा लागत नाही, रोज सकाळी सोडावीही लागत नाही.

म्हणजे शेजाऱ्यांचे बरोबर होते. हातच चुकला होता, फक्त बटणावर नाही. ठरल्याप्रमाणे चावी माझी होती. बाबा झाडांमागून येताना दिसले. मी पिशवी पर्समध्ये टाकली.

"मिळालं काय?"

"झाकणात गंज धरला होता. हवेचं भोक बुजलं होतं."

"म्हंजे गाडीच."

"गाडीच."

"नक्की ना? उगाच माझं मन राखायला नको सांगू."

"बाबा, मी कुणाचं मन राखलंय आजवर?"

यावर ते इतके मोठ्याने हसले की त्यांना खोकला आला. दुसऱ्या दिवशी मी नवे झाकण आणून बसवले आणि सांगितले की हे नव्या पद्धतीचे आहे, याच्या खाली काही ठेवायचे नाही, पाणी आत जात नाही. "मग तुझ्या आयेची पिशवी नको?" त्यांनी विचारले. मी नको म्हणाले. त्यांनी झाकणावरून हात फिरवला आणि किक मारून ते सोनिवलीला गेले.

तुला वाटेल, मुलगी अखेर मऊ झाली. तसे लिहून मी हे संपवले असते तर वाचायला बरे वाटले असते, पण कारण चूक ठरले असते. त्या रस्त्यावर उभी असताना माझ्या मनात त्यांचा अभिमान नव्हता, तुझी आठवणही नव्हती. ती नंतर आली. मी एवढाच विचार केला की चावी घेतली तर उद्यापासून रोज सकाळी कॉलेजच्या आधी त्यांना शेतावर सोडायला आणि दुपारी आणायला मला जावे लागेल, किंवा खिडकीपाशी बसलेले बघत राहावे लागेल. आणि मी फार दमले आहे, आई. हे त्यांना सांगता येत नाही. तुला सांगता येते, कारण तू काही विचारणार नाहीस.