पावसात कोलकाता कसं पाहावं

सोमवार, १५ जुलै. दुपार.
कोलकाता. कालपासून संततधार. सियालदा स्टेशनमागच्या हॉटेलात उतरलो आहे. कृष्णनगरच्या शाळेत चौतीस वर्षं बंगाली शिकवली, शेकडो सभा गाजवल्या, पण हे शहर निवांत पाहिलं नाही. आता चार दिवस पाहणार. यादी तयार: म्युझियम, ट्राम, कॉलेज स्ट्रीटची जुनी पुस्तकं, खिचडी आणि तळलेला हिलसा मासा. पावसाने विरघळायला मी मिठाचा नाही!
तुतुलसाठी आलेलो नाही, हे नोंदवून ठेवतो. लेक गुरुवारी नवऱ्याबरोबर कायमची मस्कतला चालली आहे, हा केवळ योगायोग.

त्याच दिवशी, संध्याकाळ.
ती सकाळी स्टेशनवर आली होती. दोन वर्षांनी दिसली. वाळली आहे. तिच्या लग्नाला मी गेलो नव्हतो. त्या दिवशी सभा होती, विषय ‘माणूस हीच एक जात’. सभा आधीच ठरली होती. लग्नाची तारीख कळल्यावर लगेच ठरली.
आज तिला एकच शब्द सांगायचा होता: चुकलं. चूक तिचीही आहे, पण सुरुवात मोठ्यांनी करावी. प्रस्तावना जरा लांबली. शहराच्या गटारांवर बारा मिनिटं बोललो. दोन हमाल थांबून ऐकत होते. तिने घड्याळ पाहिलं. म्हणाली, पार्क सर्कस भागात मशिदीच्या गल्लीत राहतो, गुरुवारी दुपारपर्यंत आहोत. माहितीखातर सांगितलं असावं. मग पाया पडली, म्हणाली, येते बाबा.
येते! म्हणजे हॉटेलवर येणार.

मंगळवार.
म्युझियम रद्द. मी बाहेर असताना ती आली तर? खिडकीतून ट्रामची घंटा ऐकली. यादीतली ट्राम झाली असं धरतो.
फोन करणार नाही. येणाऱ्याला घाई केल्यासारखं दिसतं.

बुधवार.
पाऊस तसाच. कॉलेज स्ट्रीट रद्द. खाली मॅनेजर बटुकबाबूंना तीनदा विचारलं, कोणी आलं होतं का. तिसऱ्यांदा ते हसले. म्हणाले, मास्टरमशाय, निघताना ‘जाते’ म्हणणारी बाई बंगालात पाहिलीय का? माझी बायको रोज सकाळी ‘येते’ म्हणते आणि जाते! तुम्ही तर भाषेचे मास्तर!
वर्तमानकाळी रूप नजीकच्या भविष्याचं निदर्शक कसं असतं, हे मी त्यांना सोदाहरण पटवून दिलं. वीस मिनिटं. ते म्हणाले, व्याकरण ठीक आहे हो, पण लेकीचं घर टॅक्सीने पंधरा मिनिटांवर आहे.
अल्पशिक्षित माणूस.

गुरुवार. सकाळी ११.
ठरलं. मीच जाणार. विमान संध्याकाळी. यात हार नाही, पुढाकार आहे.

दुपारी १२.
रस्त्यात गुडघाभर पाणी. टॅक्सी नाही, बस नाही. चालतात फक्त हातरिक्षा. माणसाने माणसाला ओढायचं! या प्रथेविरुद्ध मी अठ्ठावीस भाषणं दिली आहेत. बसणार नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व!

दुपारी १.
अजून हॉटेलच्या पायरीवर.

दुपारी पावणेदोन.
बसलो. रिक्षावाला माझ्याहून म्हातारा. त्याची जाहीर माफी मागू लागलो. तो म्हणाला, बाबू, भाषण मागाहून, आधी पाय वर घ्या.

संध्याकाळी ५. हॉटेल.
तुतुलच्या दाराला कुलूप होतं. वरच्या मजल्यावरच्या बाई गॅलरीतून ओरडल्या, तुम्ही तुतुलचे बाबा ना? अहो, आत्ताच गेले की! पाणी चढतंय म्हणून साबिर केव्हाचा घाई करत होता. ही आपली म्हणतेय, थांब रे, माझे बाबा पावसाला भिणारे नाहीत. सोमवारपासून तेच चाललं होतं. दारावर जरा थाप पडली की धावायची.
मी विचारलं, आत्ता म्हणजे कधी?
म्हणाल्या, दीड वाजता.
दीड वाजता मी पायरीवर तत्त्व सांभाळत होतो.
परतताना रिक्षावाल्याला ‘चुकलं’ म्हणून दाखवलं. सहज जमलं. त्याला वाटलं, रस्ता चुकला. त्याने रिक्षा वळवली.

शुक्रवार. सकाळ.
लख्ख ऊन. बटुकबाबू म्हणाले, आज तरी शहर बघून घ्या. म्हटलं, पाहून झालं.
गाडीला दोन तास आहेत. पत्र लिहून काढलं. चार ओळी, प्रस्तावना नाही. मस्कतचा पत्ता वरच्या मजल्यावरच्या बाईंकडून मिळेल. पत्र दोघांना आहे, म्हणून पाकिटावर आधी जावयाचं नाव घातलं. ‘श्री. साबिर’ इथवर आलो.
आडनाव मला माहीत नाही.