झडपेचं अल्टरेशन

३ मार्च
ताप. थंडी अशी की गरम इस्त्रीजवळून हलवेना. हवा बदललीय, दुसरं काही नाही. बायको म्हणते, हे तुमच्या पावडरच्या सुईचं. तिला सांगितलं, मी काही गर्दुल्ला नाही. फक्त शनिवारी टोचतो. कधीकधी बुधवारी. तेही स्वच्छ. सुई स्वतःची, कुणाला देत नाही, टोचण्याआधी जिभेवर पुसून घेतो. शिंप्याचा जन्म, सुई तोंडात धरायची सवयच आहे.

७ मार्च
हॉस्पिटल. तापाची गोळी घ्यायला आलो, तर ठेवूनच घेतलं. हृदयाच्या झडपेवर जंतूंनी घर केलंय म्हणे. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, सुई चाटता का. कौतुकाने विचारतायत असं वाटून सविस्तर सांगितलं. त्यांनी शिकाऊ डॉक्टरांना बोलावून पुन्हा सांगायला लावलं. मग कळलं, तोंडातले जंतू मीच रक्तात सोडले. पोरांसमोर वाद घातला नाही.

११ मार्च
सहा आठवडे सलाइनमधून अँटिबायोटिक. सिस्टरला शीर सापडेना. मी राखून ठेवलेली एक दाखवली. तिने आभार मानले नाहीत. शेवटी दंडात नळीच बसवली. म्हटलं, नळीसकट घरी सोडा, रोज डोसला येईन. म्हणाले, नळीचा गैरवापर होईल. घोर अपमान. बायकोला भांडायला पाठवलं. ती नळीला जादा सील लावायला सांगून आली.

२ एप्रिल
ताप गेला. संकल्प: यापुढे सुई फक्त बटणं लावायला.
संध्याकाळी: शेजारचा इस्त्रीवाला भेटायला आला, खिशात थोडी पावडर घेऊन. सील होतं, पण उसवण्यात माझा हात कोण धरणार. नळी आयतीच. टोचलं नाही, म्हणजे संकल्प मोडला नाही.

५ एप्रिल
ये रे माझ्या मागल्या. ताप. वॉर्डातले पंखे फार जोरात आहेत.

९ एप्रिल
झडप फाटली. सर्जनना म्हटलं, नवी बसवा, अल्टरेशनला मी कधी कुणाला नाही म्हटलं नाही. ते म्हणाले, बसवू, पण पुन्हा टोचलंत तर हीसुद्धा जाईल, आणि पुढची मिळणार नाही. टोचणार का? छातीवर हात ठेवून नाही म्हटलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

ज्यांचं कापड अजून कापलेलंही नसतं, अशा गिऱ्हाइकांना ही बाई इतकी वर्षं माझ्यासाठी सांगत आलीय, उद्या या, तयार असेल. डोळ्याला डोळा भिडवून. मी तिला खूण केली. तिने तोंड उघडलं, मिटलं, आणि माझी चादर सारखी करत राहिली.

मला भीती वाटतेय.