यांचं नाव

२९ ऑक्टोबर १९८१, मोहाडी

भाऊबीज. मामाजींनी आज यांना पाटावरून उठवलं! सख्ख्या बापानं, सख्ख्या पोराले!

आनंदाबाई शहापूरहून भावाले ओवाळायले आली. हे टोपी घालून पाटावर बसले, तिनं ताट उचललं — अन् मामाजी काठी टेकत आले. "हा दलाल आपल्या घरात काहून बसून राहिला? ऊठ!" आनंदाबाई म्हणे, "बाबा, दादा हाये ना आपला!" "कोन दादा?" अन् काठी यांच्या खांद्यावर. जोरात नाही बसली. पण बसली.

हे उठले. चप्पल घातली अन् दुकानात गेले. मग नणंदबाईनं ताट पदराआड धरून दुकानात नेलं. धानाच्या पोत्यांमध्ये ओवाळणी झाली. इकडे मामाजी म्हणतात, "गेला काय तो? आता अनारसे आन."

२ नोव्हेंबर

ही डायरी राईस मिलवाल्यांनी जानेवारीत दिली होती. वर्ष सरत आलं, कोरीच. शाळेत 'मले' लिहिलं की गुरुजी कान पिळत. इथं कोण पिळते!

मले एकच कोडं पडलं आहे — माणसाच्या डोक्यातून आधी काय जाते? सासूबाई वारल्या, हे मामाजींच्या डोक्यातून गेलं. पहिल्या वेळी मी खरं सांगितलं तं असे रडले, जसं आत्ताच प्रेत उचललं. तेव्हापासून म्हणते, "मंदिरात गेल्या." जेवलो, हे तं ताट उचलायच्या आधीच जाते. पण धान! शकुननं आज गंमत केली — दोन मुठी धान आजोबांसमोर धरलं. त्यांनी एक दाणा दाताखाली चावला अन् थुंकला. "ओलं हाये. भाव पाड." दुसरा चावला. "हे वाळलं हाये. घे." पोरगी नववीत आहे, पण हसून हसून लोळली. तिचं नाव त्यांना येत नाही. ओला दाणा येते.

भंडाऱ्याचे डॉक्टर म्हणे, "वयाचं आहे, औषध नाही. सांभाळा." सांभाळा! कोणी, ते नाही सांगितलं.

११ नोव्हेंबर

आज न्हाणीतून ओलेच बाहेर आले, धोतर हातात. मी डोळे मिटले अन् नेसवलं. लग्न झाल्यापासून ज्यांच्यासमोर पदर कपाळाखाली आला पाहिजे, त्यांना धोतर नेसवून राहिली मी.

२० नोव्हेंबर

हे आता दुपारी दुकानातच जेवतात. डबा पाठवते. घरात येतात ते चोरासारखे, मागच्या दारानं.

मामाजी मले विचारतात, "तो मानूस कोन हाये वो? रोज येते."

"शकुनचे बाबा."

"मंग त्याले म्हना, शकुनकडं जाय."

"अहो, तुमचे चिरंजीव!"

"कोनते?"

एकच तं आहेत! मले हसू आलं. मागच्या दारात हे उभे होते, त्यांनी ऐकलं. मग नाही हसली.

६ डिसेंबर

आसगावले माझ्या भावाचं लग्न. मी इथं. मामाजींना सोडून जाऊ कशी? नव्या लुगड्याची घडी तशीच पेटीत ठेवली.

एकदा वाटलं, सुटावं मामाजींनी एकदाचं. लिहिलं. आता खोडत नाही.

२३ डिसेंबर

शाळा सुटायच्या वेळेले मामाजी ओट्यावर जाऊन बसतात. थंडी असो, काही असो. "पोरगं नाही आलं अजून." मी समजत होती, शकुनची वाट पाहतात. पण आज शकुन त्यांच्याच बाजूले बसून बोरं खात होती. मी म्हटलं, "हे काय, आली ना." तिच्याकडं पाहिलं, मान हलवली. "हे नाही. पोरगं."

"कोणतं पोरगं, मामाजी?"

"तो... आपला तो..." तोंडात नाव शोधून राहिले. जीभ फिरते, पण सापडत नाही. शेवटी काठीनं ओट्यावर आपटलं अन् डोळे पुसले. कोण असंल तो? दुकानातला जुना नोकर? लहानपणचा भाऊ? मी चुलीपुढं तेच घोकत बसली. वरण लागलं बुडाले.

५ जानेवारी १९८२

हे म्हणाले, "होळी झाली की बाबांना शहापूरले नेऊन ठेवू. आनंदा तयार आहे."

मी म्हटलं, "लेकीच्या घरचं पाणी न पिणारा माणूस, अन् तिथं मरेपर्यंत राहीन?"

"त्यांना आठवते काय ते?" मग म्हणाले, "मी समोर नसलो की चांगले राहतात ना! मले पाहूनच बिघडतात. मंग कायले राहायचं त्यांच्यासमोर?" दुपट्टा तोंडावर घेऊन पडून राहिले. खांदे हलत होते. बेचाळीस वर्षांचा माणूस. मी यांचे पाय दाबत बसली.

१८ जानेवारी

आज आपल्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. समोरच्या घरची जनाबाई पक्की खट. म्हणे, "नाव घेतल्याशिवाय वाण घेनार नाही." घेतलं. सगळ्या हसल्या, तिळगूळ झाला, बाया गेल्या.

अन् मी वाट्या घासता घासता थांबली. एवढ्या वर्षांत हे नाव या घरात कधी कोणाच्या तोंडून निघते? मी घेत नाही. घेतलं तं नवऱ्याचं आयुष्य कमी होते म्हणतात. वर्षातून एकदा उखाण्यात, तेवढंच. शकुन 'बाबा' म्हणते. आनंदाबाई 'दादा'. बाजारातले लोक 'शेठ'. सासूबाई होत्या तं त्या नावानं बोलवत, अन् मामाजी. सासूबाई गेल्या. मामाजी विसरले. मग राहिलं कोण?

कोणीच नाही! माणूस विचारून राहिला हा कोण, हा कोण, अन् मी सांगून राहिली 'शकुनचे बाबा'! ज्याले शकुनच माहीत नाही त्याले! वा गं शहाणी!

१९ जानेवारी

करून पाहिलं. नुसतं नाव घ्यायची हिंमत नाही, म्हणून उखाणाच रचला. मामाजी पान चावत बसले होते. मी पदर सारखा केला, समोर उभी राहिली अन् म्हटलं —

मोहाडीच्या बाजारात हमालांची घाई,
——राव तुमचेच लेक, सांगते सूनबाई!

(नाव इथं पण लिहीत नाही. हात अडते.)

मामाजी खूश! टाळ्या वाजवल्या. "वा वा! कोनाची सून हाये?" मी म्हटलं, "अहो, ——राव! ओळखता ना?" विचार केला त्यांनी, खरंच केला. मग म्हणाले, "राव? आपल्यात कोनी राव नाही वो. तहसीलीतला असंल."

माझंच चुकलं. बाप कधी पोराले 'राव' म्हणते काय?

२५ जानेवारी

नुसतं नाव. 'राव' नाही, 'जी' नाही. चुलीजवळ एकटी असताना म्हणून पाहिलं, ओठातल्या ओठात. नाही निघालं.

२ फेब्रुवारी

हातून घडलं ते लिहिते.

मामाजी ओट्यावर. नेहमीचंच, "पोरगं नाही आलं." आज मागच्या दाराशी बैलगाडी उभी होती, म्हणून हे पुढून आले. मामाजी उठले, काठी उचलली. "पुन्हा आला दलाल!" हे जागचे हलले नाहीत. मान खाली घालून उभे राहिले, जसं म्हणत होते — मारा. अन् मी दारातून ओरडली. नुसतं नाव! सासूबाई ओरडत तशी! "——! आला काय रे? हातपाय धू अन् ये!"

रे म्हटलं मी. नवऱ्याले!

समोरच्या ओट्यावर जनाबाईनं तोंडाले पदर लावला. रस्त्यातला सायकलवाला उतरला. अन् यांच्या तोंडून, यांना पण कळलं नसंल, निघालं — "ओ!"

मामाजींची काठी खाली आली. कितीतरी वेळ पाहत राहिले. मग त्यांच्या तोंडातून ते नाव निघालं, पूर्ण, जसंच्या तसं. "किती येळ लावला रे! मी बसून राहिलो ना इथं. भूक लागली असंल."

ते पोरगं म्हणजे हेच! शाळेतून यायचे होते. रोज यांचीच वाट पाहत बसत, अन् रोज यांनाच हाकलत!

रात्री हे म्हणाले, "तू नाव घेतलं माझं."

"घेतलं."

"रस्त्यावर."

"हाव."

"लय जोरात घेतलं." अन् दोघंही हसलो. किती महिन्यांनी, देव जाणे.

९ फेब्रुवारी

आता रोजचं झालं. हे ओट्याखाली उभे राहतात, मी हाक मारते, हे 'ओ' म्हणतात, मामाजी आत घेतात. एका ताटाजवळ दोघं बसतात. बाजारात लोक यांना चिडवतात, "शेठ, घरून हाजरी झाली काय?" हे लाजतात, पण दिवे लागायच्या आत घरी येतात. आधी कधी येत नव्हते.

मले अजून एक समजलं नाही. मामाजींना समोर काय दिसते — पिकल्या मिशीचा माणूस की चड्डीतलं पोरगं? आज विचारलंच. म्हणाले, "मोठा झाला ना आता." उत्तर असं, की दोन्हीकडून खरं.

जनाबाई म्हणते, "अवो, आयुष्य कमी होईन त्यायचं!" भीती वाटते. खोटं काहून बोलू? देवापुढे रोज जास्तीचा दिवा लावते. पण हाक बंद नाही केली.

१२ मार्च

होळी झाली. शहापूरचं नाव कोणी काढलं नाही.

२१ ऑगस्ट

मामाजी गेले. सकाळी, चहाचा कप हातात. हे जवळ होते.

८ सप्टेंबर

तेरवी झाली, पाहुणे गेले. घर पुन्हा पहिल्यासारखं. 'शेठ', 'दादा', 'बाबा'. मी पण 'अहो'वर आली. आता कायले नाव घ्यायचं? कारण नाही राहिलं. ओटा रिकामा.

१९ सप्टेंबर

दिवे लागले. हे ओट्याखाली येऊन उभे. आत येत नाहीत. मी म्हटलं, "काय झालं?" म्हणे, "काही नाही." चप्पल काढली नाही. रस्त्याकडे पाहत म्हणाले, "आता मले नावानं बोलावनारं कोनी नाही राहिलं."

मी डोक्यावरचा पदर सारखा केला.

घनश्याम!

"ओ," म्हणाले, अन् आत आले.