एकशे ऐंशीवर पस्तीस मिनिटं

४ मार्च, मंगळवार

१. गेल्या आठवड्याच्या रविवारी आत्याने तिच्या बेकरीतल्या पावाची कृती सांगितली. मी लिहून घेतली.
२. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, ती माझ्या वेबपानावर टाकली.
३. आजपर्यंत अकरा जणांनी तो पाव केला.
४. नऊ जणांचा मधून कच्चा राहिला.
५. दोघांचा जमला. एकाच्या ओव्हनवर आकडेच नाहीत. दुसरी पाव आत ठेवून फोनवर बोलत बसली आणि विसरली.
६. आत्याला यातलं काही माहीत नाही.

घडलं ते एवढंच. बाकीचं नुसतं माझ्या डोक्यात चाललंय.

पानाचं नाव 'छोटे शोध'. तीनेकशे वाचक. रोज एक गोष्ट, आणि मी स्वतः करून पाहिलेलीच: पाव फ्रीजमध्ये बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो, चुकून बंद केलेलं पान कोणत्या तीन बटणांनी परत उघडतं, संग्रहालय बुधवारी चारनंतर रिकामं असतं आणि तेव्हा तिथला रखवालदार हळू आवाजात चित्रांच्या चुगल्या सांगतो. दोन वर्षांत एकही गोष्ट न पडताळता टाकली नव्हती. ही टाकली. आत्याचा पाव काय पडताळायचा? जन्मापासून खातेय.

एका निवृत्त बस ड्रायव्हरची प्रतिक्रिया जशीच्या तशी उतरवून ठेवते: "बाई, तीस वर्षं वेळापत्रक पाळलं आहे. तुम्ही पस्तीस मिनिटं म्हणालात, मी छत्तिसावं होऊ दिलं नाही. वरून राजबिंडा, आतून चिखल. चूक ओव्हनची, माझी की तुमची? कळवावे."

५ मार्च, बुधवार

आत्याने कृती सांगितली ती का, हे लिहायला हवं.

जानेवारीत तिने नवी भट्टी घेतली. जुनीचं दार तारेने बांधून किती दिवस चालवणार! नवी चकचकीत, दाराला जाड रबर, काम झालं की शीळ घालते. तेव्हापासून पाव बिघडला. तेच पीठ, तेच माप, तेच एकशे ऐंशीवर पस्तीस मिनिटं – आणि मधे गिच्च. रोज सकाळी चार-पाच ट्रे फुकट. महिनाभर तिने कोणाला सांगितलं नाही. मग एकदा, मीठ संपलंय हे सांगावं तशा आवाजात म्हणाली, "हात गेला गं माझा."

बाबा म्हणाले, वय झालं की व्हायचंच. बाबा तिच्याहून दोन वर्षांनी लहान आणि कपाळावरचा चष्मा घरभर शोधतात.

तिने जागेच्या मालकाला मार्चअखेर दुकान सोडते म्हणून सांगून टाकलं. बावीस वर्षं एकटीने चालवलेलं. त्यानंतरच्या रविवारी मला समोर बसवलं. दुकान जाऊ दे, पाव तरी राहू दे, तुझ्या त्या पानावर घाल, म्हणाली.

म्हणून त्या नऊ कच्च्या पावांबद्दल मी तिला सांगू शकत नाही.

६ मार्च, गुरुवार

आज घरी केला. ओव्हन एकशे ऐंशीला, आत आमच्या प्रयोगशाळेत तपासलेला थर्मामीटर, बरोब्बर पस्तीस मिनिटं. पाव मधून कच्चा. पोटात सेन्सर खुपसून पाहिलं – अठ्ठ्याऐंशी. शहाण्णव हवं.

म्हणजे माझाही हात गेला. माझा तर कधी आलाच नव्हता.

ट्रे धुताना लक्षात आलं. आत्याची नवी भट्टी, नऊ अनोळखी घरं, माझं स्वयंपाकघर. अकरा ठिकाणी एकदम हात जात नाहीत. सगळीकडे सारखं काय? पीठ नाही, पाणी नाही, हवा नाही. सारखा आहे तो फक्त आकडा.

एकशे ऐंशी हे कोणी सांगितलं? आत्याने. आत्याला कोणी? जुन्या भट्टीच्या, आच लावायच्या चकतीने. आणि चकतीला?

आमच्या प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी शिकवतात – आकडा लिहायच्या आधी तो कोणत्या यंत्राने सांगितला आणि ते यंत्र शेवटचं कधी तपासलं, हे लिही. मी रोज लोकांच्या भट्ट्या तपासते. औषधवाल्यांच्या, रंगवाल्यांच्या. आत्याच्या भट्टीपुढे लहानपणापासून ऊब घेत उभी राहिले आणि एकदाही सेन्सर आत घातला नाही.

७ मार्च, शुक्रवार

जुनी भट्टी अजून दुकानामागच्या बोळात आहे. भंगारवाला उद्या दुपारी नेणार. रजा टाकली.

८ मार्च, शनिवार

दुकानातून जाड वायर ओढून बोळात आणली, भट्टी चालू केली. चार सेन्सर आत, तारा दाराच्या फटीतून बाहेर. आत्या पदराला हात पुसत आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"मेलेल्याचा ताप कसला मोजतेस?"

मी म्हटलं, दोन तास दे. तिने मला स्टूल दिलं. स्वतः मात्र बसली नाही.

चकती एकशे ऐंशीवर. आत सरासरी दोनशे सहा. शिवाय एका जागी स्थिर नाहीच – एकशे एकोणनव्वदपर्यंत उतरायची, दोनशे चोवीसपर्यंत चढायची, पुन्हा उतरायची. दर सहा मिनिटांनी तीच चढण.

मला आनंद झाला होता. तो लपवायला हवा होता. घाईघाईने सांगून मोकळी झाले – आत्या, तुझा हात ठीक आहे, चकती खोटी होती, नवी भट्टी खरं बोलते म्हणून पाव कच्चा राहतो.

ती भट्टीकडे वळली.

"म्हणजे बावीस वर्षं पाव मी केलाच नाही. हिने केला."

आणि आत गेली. भंगारवाला आला त्याला मी पुढच्या आठवड्यात ये म्हटलं. हातगाडी वळवता वळवता तो जे पुटपुटला ते इथे लिहीत नाही.

९ मार्च, रविवार

बाबा: "तुला कोणी सांगितलं होतं खाजवून खरूज काढायला? तिने मनाशी मानून घेतलं होतं."

 मी गेले आणि त्यांचा चष्मा शोधून दिला.

१० मार्च, सोमवार

दुपारच्या सुट्टीत शनिवारचा आलेख पुन्हा काढला. दोनशे चोवीस! एवढ्या आचेवर मागच्या रांगेतले पाव करपायला हवेत. पण आत्याकडचा करपलेला पाव मी कधी पाहिलेला नाही. बाबांनाही विचारलं. नाही म्हणाले, आठवत नाही.

म्हणजे आच कोणीतरी खाली आणत होतं.

शनिवारी मी रिकामी भट्टी मोजली. अर्धंच माप. आकड्यावर उडी मारायची पंधरवड्यातली ही दुसरी वेळ, आणि पगार मला मोजण्याचाच मिळतो.

संध्याकाळी आत्याला फोन केला. जुन्या भट्टीत एक घाणा भाजशील का? नाही म्हणाली. मी तशीच फोन धरून राहिले. मला गोड बोलता येत नाही, पण गप्प राहता येतं. शेवटी म्हणाली, उद्या सकाळी सहाला ये, उशीर केलास तर दार उघडायची नाही.

११ मार्च, मंगळवार

पावणेसहाला पोचले.

बोळात, थंडीत, आत्याने बारा पाव आत सरकवले आणि दार तारेने बांधलं. मी एका बाजूला यंत्र आणि वही घेऊन. तिने घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही. बाबा लहानपणी कणकेचा उंदीर करून शाळेत घेऊन गेले आणि मास्तरांच्या खुर्चीत ठेवला, ते सांगत होती. गोष्ट मध्येच तोडून उठायची, तार सोडायची, दार उघडायची, ट्रे फिरवायची, दार लावायची, उंदीर पुढे चालू. असं पाच वेळा. मी फक्त वेळा टिपल्या.

मग आलेखावर त्या वेळांच्या खुणा केल्या. पाचही वेळा दार उघडलं ते आच माथ्यावर पोचायच्या अर्धं मिनिट आधी. सरासरी बरोबर दोनशे. दोनशे बाराच्या वर एकदाही गेली नाही.

विचारलं, केव्हा उघडायचं हे तुला कळतं कसं?

तिला प्रश्नच कळला नाही. मग म्हणाली, वास टोचायला लागला की उघडायचं, त्यात काय कळायचंय.

"आणि नव्या भट्टीत?"

"तिचा वास बाहेर येतो कुठे! आणि बसवणाऱ्याने बजावलंय, मध्ये दार उघडायचं नाही."

मी कागद तिच्यापुढे धरला. शनिवारची रेघ आणि आजची. म्हटलं, ही भट्टी एकटी. ही भट्टी आणि तू. हे पाच खड्डे आहेत ना, ते तू आहेस.

तिने कागद हातात घेतला. पिठाचे अंगठे उमटले.

"एवढी वाकडी?" म्हणाली.

मग आत गेली आणि नवी भट्टी दोनशेला लावली. वीस मिनिटांनी दार उघडून नाक आत घातलं. मी बसवणाऱ्याची आठवण दिली. "पाव त्याला विकायचाय की मला?" म्हणाली.

पावाच्या पोटात शहाण्णव. मी दोनदा मोजलं. आत्याने मोजलं नाही. बुडावर बोटाने टकटक केलं आणि पहिला पाव जाळीवर ठेवला.

१३ मार्च, गुरुवार

पानावर दुरुस्ती टाकली. दोनशे अंश, विसाव्या मिनिटानंतर दार उघडून वास घ्या, वास टोचू लागला तर ट्रे फिरवा. चूक माझी: आकडा न तपासता छापला. 'वास टोचणे' याला एकक नाही, तेव्हा ते जसंच्या तसं ठेवलं.

त्याखाली आत्याची रेघ, अंगठ्यांसकट.

१४ मार्च, शुक्रवार

ड्रायव्हर: "जमला. बायकोने ओव्हनच्या दारातच साल सोलून खाल्ली. तुमचा परवाना परत."

आणखी सहा जणांचा जमला. आत्याला सगळं वाचून दाखवलं. तिने ड्रायव्हरचं दोनदा वाचायला लावलं. दुकानाचं मात्र काही बोलली नाही. महिनाअखेरीला सतरा दिवस. मी विचारलं नाही. आणखी एक आकडा घाईने मागायचा नव्हता.

१६ मार्च, रविवार

सकाळी आत्याचा मेसेज. स्वतः टाइप केलेला, हा पहिलाच:

"मालकाला नाही म्हणून सांगितले. दुकान सोडत नाही. एकटीने आता होत नाही हेही खरे. तू नोकरी सोडू नकोस. रविवारी पहाटे येत जा, वास शिकवते. पाटी रंगवायला टाकली आहे. आत्या आणि भाची लिहू का? शुक्रवारपर्यंत कळव."