हंड्याच्या बुडाचा सूर्यघट

१२ मार्च १९७८, रविवार. तीर्थपुरी.
औरंगाबादहून गाईडसाहेबांचं कार्ड. सात वर्षं झाली, उन्हापासून वीज केल्याचं एक तरी धड रीडिंग दाखवा, नाहीतर एप्रिलअखेर पीएच.डी.चं रजिस्ट्रेशन रद्द. हरकत नाही. माझं डोकं घाईतच चालतं.
संकल्प: रोज पहाटे पाचला उठणे.

१३ मार्च.
साडेसातला उठलो. कार्डाचा परिणाम.
तांब्याचा पत्रा पाहिजे. मी शिकवतो त्या शाळेच्या प्रयोगशाळेत नाही. बायकोच्या, सत्यशीलाच्या लग्नातला हंडा आहे, बुडाला जरा गळतो. तिला विचारून घेऊ.

१४ मार्च.
विचारायचं राहिलं. हंडा कापला.
सत्यशीला पाणी घेऊन आली ती दारातच उभी राहिली. म्हणाली, हंडा न्हाई, तुम्ही माझं माहेर कापून राह्यले. डॉक्टरेट मिळाली की दोन हंडे घेऊ, असं सांगितलं. म्हणाली, पयले हा जोडून द्या. बायकांना थिअरी पटवणं अवघड.

१९ मार्च, दुपार.
हंड्याच्या बुडाचा पत्रा स्टोव्हवर लालभडक तापवला. वरचं काळं सोललं, खाली सुरेख तांबडा थर. शेजारी हंड्याचाच दुसरा पत्रा, न तापवलेल्या कोऱ्या तांब्याचा. दोन्ही बरणीत, मिठाच्या पाण्यात. उन्हात ठेवून वीज मोजायला शाळेचा गॅल्व्हानोमीटर जोडला.
काटा जेमतेम अर्धं घर हलला. सावलीत नेलं तर तेवढाही नाही. अर्ध्या घरावर कुणी डॉक्टर होत नसतो. चिडलो. कोरा पत्रा आणि हंड्याचं उरलेलं सगळं मोडीत घातलं आणि सत्यशीलाला अल्युमिनियमचं पातेलं आणलं. तिनं त्याला हात लावला नाही.

२० मार्च.
फुटक्या बादलीचा जस्ती पत्रा होता, तोच कोऱ्या तांब्याच्या जागी लावला. काटा सरळ शेवटच्या घरावर जाऊन आपटला! शेजारच्या बायनाबाई धावत आल्या, इतका मोठ्यानं ओरडलो.
साहेबांना कार्ड टाकलं: या आणि पाहा.

२ एप्रिल.
दिवसभर आभाळ. काटा तिथंच. म्हणजे माझा घट ढगाळ हवेतही चालतो! अमेरिकेत तरी असं कुणाला जमलंय का, शंका आहे.

९ एप्रिल, संध्याकाळ.
वावधूळ सुटली. बायनाबाईंना बरणीत लोणचं मुरत घातलंय असं वाटलं, म्हणून त्यांनी वर कोंबड्यांचं डालगं पालथं घातलं. काढून पाहतो तर काटा शेवटच्या घरावरच ढिम्म. सत्यशीलानं विचारलं, ऊन तं बिलकुल न्हाई, मंग काटा कशापायी उभा? सांगितलं, दिवसाचं ऊन पाण्यात साठतं. ती कळशी उचलून आत गेली. पटलं असावं.
जस्ती पत्र्याला मात्र भोकं पडत चालली आहेत. उन्हाचा मारा.

२३ एप्रिल, रविवार.
साहेब शहागडहून एसटीनं बाराला आले. घट अंगणात मांडला. काटा शेवटच्या घरावर. साहेब हसले. सात वर्षांत प्रथमच हसले.
मग डोक्यावरची हॅट काढून त्यांनी बरणीवर पालथी घातली.
काटा तिथंच.
मी म्हणालो, सर, साठवलेलं ऊन. साहेबांनी पाण्यातून जस्ताची चाळण झालेला पत्रा काढला आणि म्हणाले, ही तांबं-जस्ताची बॅटरी आहे, हिला सूर्य उगवला काय न् मावळला काय. दोन्ही पत्रे तांब्याचे लावून पाहिले नाहीत का? म्हटलं, पाहिले, पण नुसतं अर्धं घर. सावलीत? सावलीत शून्य. साहेबांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, अहो, तोच सूर्यघट होता! ते अर्धं घर मला दाखवायचं, तर तुम्ही ते मोडीत घातलंत?
रडू आवरलं नाही. त्यांनाही दया आली असावी. आज शहागडला मुक्काम आहे, उद्या नऊला येतो, तेवढं अर्धं घर दाखवा, रजिस्ट्रेशन मी वाचवतो, म्हणाले.
तांबडा पत्रा शाबूत आहे. कोरं तांबं तेवढं हवं. घरात आता तांब्याची एकच वस्तू उरली आहे, सत्यशीलाची कळशी. हंड्याचीच जोडीदार.
संकल्प: पहाटे पाचला उठून कळशी मागणे. आधी मागणे, मग कापणे.

२४ एप्रिल.
साडेसातला उठलो. चूल थंड. सत्यशीला नाही. कळशी नाही.
बायनाबाई म्हणाल्या, ती तं पहिल्या गाडीनंच गेली माहेरी, धावड्याला. रात्री तुम्ही पत्रा कापायची कात्री घासून राह्यलते, ते तिनं पाह्यलं. कळशी लेकरावानी कडेवर घेऊन गेली.
साहेब बरोबर नऊला आले. अंगणात लख्ख ऊन पडलं होतं.
त्यांना चहा करून दिला. अल्युमिनियमच्या पातेल्यात.