सुलभाची प्लेट

बुलढाणा, शनिवार संध्याकाळ

आज बर्गरच्या त्या नव्या दुकानात एकटीच गेले. पोळ्या लाटायचा कंटाळा, दुसरं काय! पाव गोडसर, टिक्की आतून थंड, अन् गाणी एवढ्या मोठ्याने की डोकं उठलं. वाढणारी पोरगी मात्र गोड.

तिला म्हटलं, "एक व्हेज, वन बाय टू." सवयच ती. ऑफिसात सुलभा अन् मी चहा काय, कचोरीसुद्धा अर्धी अर्धी खायचो. ती रिटायर होऊन नागपूरला मुलाकडे गेली, हे माझ्या तोंडाला अजून कळत नाही.

पोरीने बर्गर मधोमध कापून दोन प्लेटा आणल्या. एक माझ्यापुढे, एक रिकाम्या खुर्चीपुढे. "दुसऱ्या मॅडम येऊन राह्यल्या काय?"

मी "हो" म्हटलं. काऊन म्हटलं? चुकून बोलले, हे सांगायला काय जात होतं? मग दाराकडे बघत बसले. शेजारचे खुर्ची मागायला आले, तर त्यांनाही सांगितलं, "माणूस येणार आहे." माझा भाग खाऊन झाला. ती प्लेट तशीच.

निघताना पोरीने न सांगता तो अर्धा भाग बांधून दिला. "मॅडमले द्या."

आता तो ओट्यावर आहे. भूक आहे अजून, अर्ध्याने काय होतं!

मघाशी सुलभाला फोन लावला. मागे नातू रडत होता. "नंतर करते गं," म्हणाली.

पुडा सोडला नाही मी. नंतर करते म्हणालीये ना.