मेल्यावर पाणी ओढणारा म्हातारा

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघा आखडलाय, त्यामुळे अर्धा मनातला समजून घे). तुझी पाठ कशी आहे? दाजींचं घोरणं कमी झालं का? आम्ही इकडे ठीक. हिच्या मते मी ठीक नाही, कारण आठवडाभर मी जेवताना ताटाकडे न बघता समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघतो. त्याचीच हकिकत कळवतो.

बांधलेली पुस्तकं पोचवायला गेल्या आठवड्यात वाचनालयात गेलो, तर वाचक मंडळाची बैठक चालू होती. ग्रंथपालबाईंनी मला खुणेनेच मागे बसवलं. चर्चा अमेरिकेतल्या त्या जुन्या कादंबरीची. तुझ्या अभ्यासातलीच ती: सफरचंदाच्या बागेतला म्हातारा, लढाईवर गेलेला मुलगा आणि त्याच्यासाठी टेबलाशी रिकामी ठेवलेली खुर्ची. ताई, मी तीस वर्षं पुस्तकं शिवतोय, पण पुस्तकाच्या आत एवढं काही असतं याचा मला पत्ता नव्हता. दातांच्या डॉक्टरबाईंनी नुसत्या खुर्चीवर अर्धा तास काढला. खुर्ची म्हणजे आशा, खुर्ची म्हणजे अपराध, खुर्ची म्हणजे अख्खा देश. मी माझ्या बुडाखालच्या खुर्चीवर जरा सावरून बसलो.

मग हेडमास्तर उठले (निवृत्त झालेत, आवाज अजून नोकरीत आहे). म्हणाले, लेखकाचं खरं धाडस पुढेच आहे. मध्यावर म्हातारा मरतो, त्याला पुरतात, आणि पुढच्याच पानावर तो विहिरीचं पाणी ओढत असतो. मरणानेही माणसाचं काम सुटत नाही, हाच कादंबरीचा गाभा. शिवाय ते मध्येच तुटलेलं वाक्य: ‘मुलाने दार ढकललं आणि’, पान उलटावं तर ‘दोन बादल्या भरल्या’. माझ्या अंगावर काटा आला.

काटा अर्ध्यावर असतानाच मला हेडमास्तरांच्या हातातल्या पुस्तकाची पाठ दिसली. हिरवं कापड, वरची पट्टी किंचित तिरकी. काम माझं. नऊ वर्षांपूर्वी ते खिळखिळं होऊन माझ्याकडे आलं होतं. फर्मे (म्हणजे सोळा-सोळा पानांच्या घड्या) सुटे करून ठेवले, ते टेबलावरून घसरले, आणि मी आकडे न बघता उचलून शिवून टाकले. वर कडा कापताना हात जास्तच चालला आणि पानांचे आकडेच उडाले. म्हणजे चोरीही माझी आणि पुरावा नष्ट करणाराही मीच.

दुसऱ्या वाचनालयातून धड प्रत आणून तीन दिवसांत वाचली. त्यात म्हातारा वाट बघतच मरतो. मुलगा चार दिवस उशिरा येतो आणि त्याच खुर्चीवर एकटा बसतो. तिथे पुस्तक संपतं. मी रडलो, आणि ते खळीच्या भांड्यावर वाकून, त्यामुळे खळ पातळ झाली. माझ्या प्रतीत मुलगा मधेच कुठेतरी घरी येतो, आणि शेवटच्या पानावर म्हातारा खुर्ची पुसत असतो.

येत्या रविवारी त्या मंडळात तुझं भाषण आहे. तेव्हाच सगळ्यांसमोर उभा राहून मी चूक कबूल करणार आहे. वाचनालयाचं काम तुटलं तरी हरकत नाही. एवढ्या शहाण्या माणसांना मी नऊ वर्षं फसवत आलो, हे आता सहन होत नाही.

तुझा धाकटा

ता.क. ही विचारते, त्या दिवशी एकच प्रत शिवली होती का? दोन. फर्मे जोडीने लावले होते, त्यामुळे चूकही जोडीनेच झाली. दुसरी, निळ्या कापडातली, तुझ्या वाढदिवसाला दिली होती.

आणखी एक ता.क. तुझा डॉक्टरेटचा प्रबंध काल पहिल्यांदाच उघडला. चौथं प्रकरण, ‘मृत पित्याचं परतणं’. साठ पानं. ताई, फार सुंदर लिहिलंयस. रविवारी मी बोलू की नको, तेवढं उलट टपाली कळव. माझं विचारशील, तर आपल्या दोन्ही प्रतींत मुलगा घरी आलेला आहे आणि म्हातारा जिवंत आहे. तो पुसतोय ती खुर्ची, पुसू दे.